छोट्या गाडीचे ५ स्टार आणि रस्त्यावरचा अपघात: पंच, डिझायर, वॅगनआर एका सर्व्हेअरच्या नजरेतून

गाडीचा रिव्ह्यू म्हटलं की मायलेज, बूट, टचस्क्रीन, सनरूफ हे सगळं येतं, ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल म्हणून मी सोडून देतोय. मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर आहे, पुणे आणि सोलापूर रोडच्या बाजूला माझं काम असतं, त्यामुळे मला गाड्या दिसतात त्या वर्कशॉपच्या मागच्या आवारात ताडपत्री टाकून ठेवलेल्या, आणि त्याच्यामुळेच नात्यातले, सोसायटीतले, मुलाच्या शाळेतले पालक सगळे मला एकच विचारतात की छोटी गाडी घ्यायचीय, सेफ कुठली. आता भाच्याचं चाललंय. "मामा, पंच घेऊ की डिझायर, का वॅगनआर घेऊ, आत जागा मस्त आहे, आणि हे ५ स्टार बिस्टार खरं असतं का नुसती जाहिरात?" फोनवर त्याला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहितो, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते जाऊ शकतील. स्टार खरे असतात, फेकाफेकी नसते, आणि १ स्टार आणि ५ स्टारमधला फरक मला आवारात डोळ्यांना दिसतो. पण ते मार्क एका ठराविक अपघाताचे आहेत आणि आपल्याकडे माणसं मरतात त्यातले बरेचसे अपघात त्या पेपरात विचारलेलेच नसतात. त्यामुळे स्टार बघूनच गाडी घ्या, आणि घेतल्यावर आपल्याला काही होत नाही असं समजून १२० ला पळवू नका.

हे स्टार ज्या क्रॅश टेस्टवर देतात तिच्यात नेमकं करतात काय, तर गाडी ६४ च्या स्पीडने एका ब्लॉकवर नेऊन आपटतात, त्या ब्लॉकला पुढे मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी असते, समोरून येणाऱ्या गाडीसारखी दबणारी, आणि आपटताना गाडीच्या रुंदीचा ४० टक्केच भाग लागतो, ड्रायव्हरच्या बाजूचा. आत सेन्सर लावलेले पुतळे बसवलेले असतात, सगळ्यांना बेल्ट बांधलेला. हे "सगळ्यांना बेल्ट" लक्षात ठेवा, खाली परत लागणारे. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्या सरकारच्या स्टार देणाऱ्या टेस्टमध्ये, ह्याशिवाय बाजूने ५० च्या स्पीडने एक ट्रॉली येऊन धडकते आणि वरच्या स्टारसाठी २९ च्या स्पीडने गाडी आडवी खांबावर नेतात. भारत एनकॅप गडकरींनी ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं, १ ऑक्टोबर २०२३ पासून चालू झालं, आणि ते ऐच्छिक आहे, कंपनी स्वतः गाडी पुढे करते. म्हणून एखाद्या मॉडेलचं रेटिंगच सापडत नसेल तर मी त्याला बरी गाडी धरत नाही, कारण चांगले मार्क पडणार असतील तर कोण लपवून ठेवतं.

मग लोक विचारतात की ० स्टारची गाडी विकायला परवानगी तरी कशी मिळते. तर सरकारची सक्तीची क्रॅश टेस्ट वेगळी आहे, २०१७ पासून नवीन मॉडेलना आणि २०१९ पासून सगळ्यांना लागू झाली, ती ५६ च्या स्पीडने होते आणि तिथे पास किंवा नापास एवढंच, स्टार नाहीत. ५६ आणि ६४ मध्ये ८ चाच फरक दिसतो, पण धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६४ ला ३० टक्के जास्त झाली. ५६ ला जेमतेम उभी राहिलेली गाडी ६४ ला कोसळू शकते, आणि दोन्ही गोष्टी कायद्यात बसतात.

आता स्टारच्या तारखेबद्दल बोलायलाच पाहिजे कारण ह्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. टाटा पंचला ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपचे (अशीच टेस्ट घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मोठ्यांसाठी ५ स्टार मिळाले, १७ पैकी १६.४५, मुलांसाठी ४ स्टार. आकडा जबरदस्तच आहे. पण तेव्हा त्या गाडीत पुढच्या दोनच एअरबॅग होत्या, ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नव्हतं, आणि तेव्हाच्या पद्धतीत मार्क मुख्यतः समोरच्या टकरीवर होते. जुलै २०२२ पासून त्यांनी पेपर अवघड केला, बाजूची टक्कर, खांब, ईएससी, पादचाऱ्यांचं संरक्षण सगळं आत घेतलं. त्या नवीन पेपरात मारुतीच्या नवीन डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्यांसाठी ३४ पैकी ३१.२४ म्हणजे ५ स्टार मिळाले, मुलांसाठी ४, आणि मारुतीच्या गाडीला ग्लोबल एनकॅपमध्ये ५ स्टार मिळायची ती पहिलीच वेळ. तर पंचचे २०२१ चे ५ आणि डिझायरचे २०२४ चे ५ हे शेजारी शेजारी ठेवून बरोबरीचे म्हणू नका, डिझायरचा पेपर अवघड होता. पंच ईव्हीला पुढे २०२४ मध्ये भारत एनकॅपचे ५ स्टार मिळाले, ३२ पैकी ३१.४६, ते मात्र नवीन पद्धतीतले, पण ती वेगळी गाडी, तिचं वजन वेगळं, बॅटरी खाली, तिचे मार्क पेट्रोल पंचला लावून मोकळं होता येत नाही, सेल्समन मात्र लावतात.

जुने स्टार किती शिळे होतात ह्याचं युरोपातलं एक उदाहरण आहे. फियाट पुंटोला २००५ मध्ये युरो एनकॅपचे ५ स्टार होते, तीच गाडी विकत राहिले, २०१७ मध्ये परत टेस्ट केली तर ०. गाडी तशीच होती, बारा वर्षांत पेपर बदलला. आणि एकाच गाडीला देशोदेशी वेगळे मार्क हेही होतं, सध्याच्या पिढीच्या स्विफ्टला जपानमध्ये ४, युरोपात ३ आणि ऑस्ट्रेलियात १ स्टार मिळाला. त्या काही गुजरातेत बनलेल्या गाड्या नव्हत्या त्यामुळे आपल्या स्विफ्टचा निकाल त्यावरून काढू नये, पण डिझायरला ५ मिळाले म्हणजे स्विफ्टलाही आपोआप मिळाले असं जे सांगतात ना, त्यांना हे दाखवा.

स्टारच्या आकड्यापेक्षा मी ज्या एका ओळीकडे बघतो ती रिपोर्टमध्ये खाली असते: बॉडीशेल स्टेबल की अनस्टेबल. म्हणजे माणसं बसतात तो पिंजरा धडकेनंतर शाबूत राहिला का, अजून मार सोसायची त्याच्यात ताकद उरली का. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने पहिल्यांदा भारतातल्या पाच छोट्या गाड्या आपटल्या, अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो, बेस मॉडेल, एकातही एअरबॅग नाही, पाचही गाड्यांना ०. वरवर बघितलं तर सगळ्या सारख्याच नापास. पण फिगो आणि पोलोचा पिंजरा टिकला होता, आणि दोन एअरबॅगवाली पोलो परत टेस्ट केली तर थेट ४ स्टार मिळाले. अल्टो, नॅनो, आय१० चा पिंजराच दबला होता आणि एनकॅपचं म्हणणं होतं की ह्यांच्यात एअरबॅग टाकूनही फार उपयोग नाही. माझ्या मते छोट्या गाडीच्या सेफ्टीबद्दल जे काय कळायला पाहिजे ते ह्या एका टेस्टमध्ये कळतं. आधी पिंजरा, मग बेल्ट, मग एअरबॅग.

म्हणूनच वॅगनआरबद्दल माझं मत कडक आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला मोठ्यांसाठी १ स्टार, मुलांसाठी ०, आणि बॉडीशेल अनस्टेबल. २०२५ मध्ये मारुतीने वॅगनआर, अल्टो के१०, सेलेरिओ सगळ्यांना ६ एअरबॅग स्टँडर्ड केल्या, ही चांगलीच गोष्ट आहे, बाजूच्या टकरीत डोकं वाचतं. पण ६ एअरबॅग बघून भाचा म्हणाला "आता तर झाली ना सेफ" तर तसं होत नाही. एअरबॅगचा आकडा ब्रोशरवर छापता येतो, पिंजरा मजबूत झाला का हे फक्त नवीन टेस्ट सांगते. गाडी म्हणून वॅगनआर वाईट नाही, म्हाताऱ्या माणसांना चढाउतरायला तिच्यासारखी गाडी नाही, शहरात फिरायला उत्तम, सीएनजीवर पैसे वाचतात, २०२४ मध्ये विक्रीत पंचच्या खालोखाल दुसरी होती ती काय उगीच नाही. पण महिन्यातून दोनदा पुणे कोल्हापूर करणाऱ्या माणसाला मी ती सुचवणार नाही.

आवारात काय दिसतं ते सांगतो, मॉडेलची नावं घेणार नाही कारण त्या लोकांच्या क्लेमच्या गाड्या आहेत. माझ्या कामात गाडी किती चेपली हा बघायचा विषय, आणि बाहेरून बघणारे नेमकं तिथेच चुकतात. बोनेट पार विंडशील्डपर्यंत गोळा झालेलं, इंजिन खाली बसलेलं, लोक मोबाईलवर फोटो काढून म्हणतात बघा पत्रा किती पातळ, डबा आहे नुसता. मी दरवाजाला हात घालतो. पुढचा दरवाजा नेहमीसारखा उघडला, ए पिलर, म्हणजे विंडशील्डच्या बाजूचा खांब, सरळ आहे, स्टेअरिंग जागेवर, पेडल मागे आलेली नाहीत, तर त्या गाडीने आपलं काम चोख केलंय, पुढचा भाग चेपायलाच बनवलेला असतो, तो धडक खातो म्हणून आतल्या माणसाला कमी लागतं. अशा गाडीतली माणसं बऱ्याचदा छातीवर बेल्टचा काळानिळा वळ घेऊन स्वतःच्या पायाने क्लेम फॉर्म भरायला येतात. आणि ती गाडी मात्र टोटल लॉस होते, कारण दुरुस्ती आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेली की आम्ही टोटल लॉसच धरतो. उलटं पण होतं, बाहेरून गाडी तेवढी भयंकर दिसत नाही पण दरवाजा अडकलाय, डॅशबोर्ड सीटपर्यंत आलाय, पायाची जागाच उरली नाहीये, तिथे मी आत वाकून बघतो तेव्हा पुढचं काही विचारावं लागत नाही. त्यामुळे शोरूममध्ये दरवाजा आपटून "ठप्प आवाज आला, जर्मन बिल्ड आहे" वगैरे जे चालतं, बोनेटवर अंगठा दाबून बघतात, त्याचा आणि पिंजऱ्याचा काही संबंध नाही. बाहेरचा पत्रा हा अंगरखा आहे, जोर आतल्या साइड मेंबरमध्ये, पिलरमध्ये, फ्लोअरमध्ये असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

आता खरा मुद्दा, वजनाचा, जो स्टारमध्ये कुठेच दिसत नाही. ब्लॉकवर आपटणं म्हणजे साधारण स्वतःच्याच वजनाच्या गाडीशी समोरासमोर धडकणं. म्हणून ५ स्टारची छोटी गाडी आणि ५ स्टारची मोठी एसयूव्ही हे दोन वेगळ्या वर्गातले पहिले नंबर आहेत. हिशोब करून बघा, ९०० किलोची हॅचबॅक आणि १८०० किलोची एसयूव्ही, दोघी फक्त ५० ने येतायत आणि समोरासमोर धडकल्या. एसयूव्ही पुढेच सरकत राहते, हॅचबॅक उलटी ढकलली जाते. हॅचबॅकमधल्या माणसाचा वेग एका क्षणात ६७ ने बदलतो, एसयूव्हीतल्या माणसाचा ३३ ने. म्हणजे बार्शी किंवा जतकडच्या दोन पदरी रस्त्यावर, ज्याला आपण निवांत चाललोय म्हणतो त्या ५० लाच छोटी गाडी टेस्टच्या हद्दीवर जाऊन पोचली, आणि एसयूव्हीवाल्याला त्याच धडकेत अर्धाच धक्का. आणि आजकाल रस्त्यावर समोरून येणारी गाडी छोटी असण्याची शक्यता दिवसेंदिवस कमी होत चाललीय, हे तुम्ही पण बघताय.

हे अमेरिकेतल्या आयआयएचएस नावाच्या संस्थेने, इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालते ती, २००९ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवलं. स्मार्ट फोरटू विरुद्ध मर्सिडीज सी क्लास, होंडा फिट विरुद्ध अकॉर्ड, टोयोटा यारिस विरुद्ध कॅमरी, प्रत्येक छोटी गाडी तिच्याच घरच्या मोठ्या गाडीवर सोडली. फिट म्हणजे आपली जुनी जॅझ. ब्लॉकवरच्या टेस्टमध्ये ह्या छोट्या गाड्या चांगल्या मार्कांनी पास होत्या, मोठ्या बहिणीसमोर तिन्ही नापास. त्याच संस्थेने २०१२ पासून अजून एक टेस्ट आणली, ४० टक्क्यांऐवजी २५ टक्केच भाग धडकतो अशी, कारण खऱ्या आयुष्यात माणूस शेवटच्या क्षणी स्टेअरिंग कापतो आणि गाडी कोपऱ्यावर लागते. तिथे पुढचे मजबूत मेंबर बाजूलाच राहतात, सगळा जोर चाकावर येतो आणि चाक पायाच्या जागेत घुसतं. २०१४ मध्ये ११ सगळ्यात छोट्या गाड्या अशा आपटल्या, त्यातली एकटी शेवरोले स्पार्क बऱ्यापैकी निघाली, बाकी सगळ्या खाली. आपल्या भारत एनकॅपमध्ये ही २५ टक्केवाली टेस्ट नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या समोरासमोरच्या केसेसमध्ये कोपऱ्यावर लागलेल्या गाड्या भरपूर असतात.

आयआयएचएसवाले प्रत्यक्षात किती ड्रायव्हर मेले ह्याचा पण हिशोब ठेवतात, मॉडेलवार. २०१७ च्या मॉडेलच्या गाड्यांमध्ये दर दहा लाख नोंदणीकृत गाड्यांमागे वर्षाला सरासरी ३६ ड्रायव्हर गेले, फोर्ड फिएस्टामध्ये १४१, ह्युंदाई ॲक्सेंटमध्ये ११६. यादीच्या खालच्या टोकाला छोट्याच गाड्यांची गर्दी. ह्यात कोण चालवतो, तरुण पोरं किती, हेही येतं, सगळा दोष पत्र्याचा नाही. पण आपल्याकडे असा मॉडेलवार हिशोब कुठे बघायला मिळत नाही ह्याची मला व्यावसायिक चीड आहे, कारण एफआयआरमध्ये गाडी असते, क्लेममध्ये गाडी असते, सगळं कागदावर आहे, एकत्र करून लोकांसमोर ठेवलं तर जाहिराती बदलायला लागतील.

बरं हे झालं गाडी विरुद्ध गाडी. हायवेवर छोट्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू ट्रक आहे, आणि तोही उभा असलेला. रात्रीचे दोन, ट्रक कडेला किंवा अर्धा लेनमध्ये, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, आणि गाडी मागून आत. इथे स्टार जवळजवळ कामालाच येत नाहीत. टेस्टमध्ये ब्लॉक बंपरच्या उंचीवर असतो, ट्रकचा मागचा हौदा बोनेटच्या वर असतो, म्हणजे जो पुढचा भाग चेपून तुम्हाला वाचवणार होता तो ट्रकच्या खालून निघून जातो आणि हौद्याची कड सरळ विंडशील्डवर, ए पिलरवर येते. सेन्सरला नीट धक्काच बसत नाही म्हणून एअरबॅग कधी उशिरा उघडते, कधी उघडतच नाही, आणि मग क्लेमच्या वेळी भांडण होतं की एअरबॅग का नाही उघडली. ट्रकच्या मागे खाली आडवा मजबूत बार असायचा नियम आहे, नेमका ह्यासाठीच, पण जाता येता बघा, कुठे वाकलेला, कुठे नुसता शोभेचा पाइप, कुठे गायब. ही चूक गाडीच्या कंपनीची नाही, पण मरतो गाडीवालाच. मी भाच्याला सांगितलंय की रात्री १० नंतर डाव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे चालायचंच नाही, मधल्या लेनने चल आणि ८० च्या वर जाऊ नकोस, हेडलाइटमध्ये दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

वेगाचं पण सांगून टाकतो. एक्सप्रेसवेवर लिमिट १००, समृद्धीवर १२०. ६४ च्या तुलनेत १०० ला धडकेची ताकद जवळजवळ अडीचपट, १२० ला साडेतीनपट. ब्रेक लागतो, धडकताना वेग कमी झालेला असतो, मान्य आहे, पण डुलकी लागली तर ब्रेक कोण मारणार. ५ स्टार म्हणजे ६४ चं वचन आहे. समृद्धीवर १२० ला क्रूझ लावून सीटवर मांडी घालून बसलेले लोक मी बघितलेत, काय बोलणार.

आता बेल्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्रींचा अपघात पालघरजवळ चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर झाला, मर्सिडीज जीएलसी, ५ स्टारची, जवळजवळ दोन टनांची गाडी. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर सगळे मागे बेल्ट लावत होते, मग परत जैसे थे. रस्ते मंत्रालयाच्या आकड्यानुसार २०२२ मध्ये १६,७१५ माणसं बेल्ट न लावता गेली, त्यात निम्मे ड्रायव्हर, निम्मे प्रवासी. मागचा माणूस बेल्टशिवाय असेल तर तो पुढच्या सीटवर येऊन आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्यालाही घेऊन जातो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. सीटची पाठ मागून वाकलेली दिसली की मला कळतं मागे कोण कसं बसलं होतं. आणि त्या बेल्टचा बीप बंद करायच्या क्लिपा, ऑनलाइन मिळायच्या, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच वेबसाइटवरून १३,११८ लिस्टिंग काढायला लावल्या, तरी आवारातल्या गाड्यांमध्ये मला अजून सापडतात. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला आहे, बेल्टच्या बदल्यात नाही. बेल्टशिवाय माणूस पुढे फेकला जातो आणि उघडत्या एअरबॅगवर तोंड आपटतं, तो मार साधा नसतो. लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं तर कृपा करून बंद करा, पोराला आईच्या आणि एअरबॅगच्या मधे ठेवताय तुम्ही. दोन पोरं असतील तर आयसोफिक्स (चाइल्ड सीट पक्की अडकवायचे हुक) असलेली गाडी आणि चाइल्ड सीट, त्या पैशात सनरूफ येत नाही आणि नको पण.

ॲक्सेसरीच्या दुकानात जे होतं तेही सेफ्टीत मोजा. पुढे लोखंडी गार्ड लावला की धडक चेपणाऱ्या भागाला टाळून सरळ चेसिसमध्ये जाते आणि एअरबॅगच्या सेन्सरचं टायमिंग बिघडतं, २०१७ च्या शेवटी केंद्राने त्यावर बंदी घातलीय तरी अर्ध्या छोट्या गाड्यांना असतो, का तर पार्किंगमध्ये बंपरला ओरखडा येऊ नये. आणि ६ एअरबॅगच्या गाडीत जाड रेक्झिनचं सीट कव्हर चढवलं की सीटच्या बाजूतली एअरबॅग त्याच्या आत अडकते. वरच्या व्हेरिएंटला पैसे भरून एअरबॅग घेतली आणि चार हजारांच्या कव्हरने ती बंद केली, असं दर आठवड्याला बघतो.

तर भाच्यासाठी. त्याचं महिन्याचं रनिंग बघता, हायवे जास्त, दोन लहान मुलं, बजेट दहा लाखांच्या आसपास, मी डिझायर म्हणालो. ६ एअरबॅग आणि ईएससी खालच्या व्हेरिएंटपासून, नवीन पद्धतीचे ५ स्टार, स्टेबल बॉडीशेल, आणि मागे डिकी आहे म्हणजे मागच्या सीटवरच्या पोरांच्या पाठीशी थोडं अंतर राहतं, मागून ट्रकने ठोकलं तर त्याचा उपयोग होतो. खाली बसायला आवडत नाही अशी तक्रार बायकोची आहे त्याच्या. पंच तिला आवडली, उंच आहे, दरवाजे ९० अंशात उघडतात, खराब रस्त्याला बरी, आणि २०२४ मध्ये देशात सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी तीच, मारुतीची चाळीस वर्षांची सद्दी मोडून. पंच घेणार असाल तर पिंजरा चांगला आहे ह्यात मला शंका नाही, फक्त तुम्ही जी घेताय त्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग किती आणि ईएससी आहे का हे कागदावर बघून घ्या, २०२१ च्या स्टारवर जाऊ नका. बलेनो विचारात असेल तर तिला भारत एनकॅपमध्ये २०२५ ला ४ स्टार मिळालेत, वाईट नाही, ६ एअरबॅगवालीच घ्या. वजन तिन्हींचं टनाच्या आसपासच, त्यामुळे वरचं एसयूव्हीचं गणित तिन्हींना लागू.

ज्यांच्याकडे आधीच जुनी ० किंवा १ स्टारची गाडी आहे त्यांनी उद्या विकून टाकावी असं मी म्हणणार नाही, सगळ्यांकडे पैसे नसतात, आणि चौघांना बाइकवर नेण्यापेक्षा ती कधीही बरी. शहरात वापरा, हायवेला ८० च्या आत, मागचे बेल्ट सीटखाली गाडले गेले असतील तर ते उपसून वर काढा, रात्रीचा लांबचा प्रवास एसटीने करा.

सेकंडहँड ५ स्टार घेणाऱ्यांनी मात्र जरा थांबा. ते ५ स्टार कंपनीतून निघालेल्या पिंजऱ्याचे होते. एकदा जोरात ठोकून, ओढून सरळ करून, वेल्डिंग मारून रंगवलेली गाडी बाहेरून कळत नाही, आणि एअरबॅग उघडून गेल्यावर नवीन बसवायला खर्च खूप येतो म्हणून डॅशबोर्ड नुसता झाकून, वायरिंगमध्ये रेझिस्टर टाकून दिवा फसवलेल्या गाड्या बाजारात फिरतायत. बोनेट उघडून पुढच्या एप्रनवरचे (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा) स्पॉट वेल्ड दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघा, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा, जुन्या क्लेमची हिस्टरी इन्शुरन्स कंपनीकडून मागवून घ्या. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर दिवा काढून टाकलाय, तिथून निघा.